भर कुठे टाकायचा? शेतीच्या अवजारांवरील हार्डफेसिंगचा आढावा

उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टरवाल्याची तक्रार ‘फाळ झिजला’ अशी क्वचितच असते. तो म्हणतो, ‘नांगर जमीन धरीना.’ फाळाची लांबी अजून पुष्कळ शिल्लक असते, बोल्टही जागच्या जागी असतात. पण फाळ खोलून उलटा केला की धारेच्या लगेच मागे, खालच्या अंगाला, बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा पडलेला दिसतो. वाळलेल्या जमिनीच्या तळावर घासून घासून तो तयार होतो. धारेकडे तो चढत गेलेला असल्यामुळे चालत्या नांगराला खाली ओढण्याऐवजी वर उचलतो. मग नांगरावर दगड बांधा, वाळूची पोती टाका, हायड्रॉलिकशी झटापट करा; डिझेल जास्त जळतं आणि तास उथळच पडतं. काट्यावर ठेवलं तर धातू फार गेलेला नसतो. जिथून जायला नको होता तिथून मात्र गेलेला असतो.

झिजलेल्या भागावर वेल्डिंगने नवा धातू चढवायचा, शक्यतो मूळच्यापेक्षा कडक, हे तंत्र आता शंभर वर्षांचं झालं. महाराष्ट्रात ते मुख्यतः दोन ठिकाणी चालतं: गावच्या फाट्यावरच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आणि साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, ‘रॉड किती कडक?’ कडकपणाचा आकडा रॉडच्या पुड्यावर छापलेलाच असतो, त्यामुळे तो विचारायला आणि सांगायला सोपा. पण माझ्या मते या प्रश्नाचा नंबर चौथा. भाग कशाने झिजतोय, त्याने कोणत्या अंगाने झिजलेलं चालेल आणि तो मुळात भरण्याच्या लायकीचा आहे का, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

वेल्डिंग मशीन नव्हतं तेव्हाही फाळ भरला जायचाच. बलुतेदारीत लोहाराचं काम फाळ आणि पास वर्षभर चालू ठेवण्याचं होतं, आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. फाळ बोथट झाला तर भट्टीत तापवून, ठोकून पाजवायचा. फारच आखूड झाला तर पोलादाचा तुकडा टाकणखार लावून पांढऱ्या तापावर सांधायचा आणि टोकाला पाणी द्यायचं. मऊ लोखंडाच्या अंगावर कडक टोक, ही आजच्या हार्डफेसिंगची कल्पना त्यात पूर्ण होती. १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे तो सुरुवातीला खपेना, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. त्या नांगराबरोबर आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही: कारखान्यात ओतलेला, झिजला की बदलायचा फाळ. दुरुस्ती की बदली, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे तेव्हापासून आहे.

त्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये या विषयातला सर्वांत हुशार विचार झाला होता. इप्सविचचे रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये फाळाचं एक पेटंट घेतलं. बिडाचा फाळ ओतताना साच्याची खालची बाजू धातूची ठेवायची, म्हणजे तिथला रस झटकन गार होऊन पांढरं, अतिशय कडक बीड तयार होतं. वरची बाजू वाळूच्या साच्यात सावकाश गार होऊन मऊ राहते. शेतात तासाची माती वरच्या अंगावरून घासत जाते आणि मऊ थर भराभर झिजवते. खालचा कडक थर पातळ ओठासारखा पुढे उरतो. फाळ झिजतो, पण झिजताना स्वतःला धार लावत जातो. झीज बंद करायचा अट्टहास रॅन्समने केलाच नाही. कोणती बाजू आधी झिजेल हे त्याने ठरवून टाकलं. नंतरच्या दोन शतकांतले बहुतेक यशस्वी प्रयोग याच कल्पनेच्या नव्या आवृत्त्या आहेत, आणि बहुतेक फसलेले प्रयोग तिचा विसर पडल्यामुळे फसलेले आहेत.

विजेच्या कमानीने धातू वितळवून चढवण्याची सुरुवातही दुरुस्तीतूनच झाली. रशियात पेर्म इथल्या तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव यांनी १८८८ मध्ये वितळत जाणाऱ्या धातूच्या कांडीने यंत्रांचे तुटके-झिजके भाग भरायला घेतले. स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग जहाजांचे बॉयलर दुरुस्त करत. उघड्या तारेचं वेल्डिंग सच्छिद्र होतं म्हणून त्यांनी तिच्यावर लेप चढवला, आणि आजचा रॉड जन्मला. त्यांनी १९०४ मध्ये काढलेली कंपनी म्हणजेच ईसाब. अमेरिकेत एलवूड हेन्स यांनी कोबाल्ट आणि क्रोमियमचा स्टेलाइट हा मिश्रधातू काढला, आणि १९२० च्या दशकात तेलविहिरींच्या ड्रिलवर असे कडक थर चढू लागले. खडक फोडणाऱ्या बिटासाठी जे जमलं ते जमीन फोडणाऱ्या फाळाकडे यायला वेळ लागला नाही.

शेतीच्या यंत्रांसाठी या तंत्राचं शास्त्र मात्र सोव्हिएत संघात झालं. कारण सरळ होतं. लाखो ट्रॅक्टर सरकारी मशीन-ट्रॅक्टर स्टेशनांत होते, आणि सुटे भाग योजनेच्या कागदावर असत, गोदामात नसत. त्यामुळे झिजलेला भाग पुन्हा कामाचा करणं ही तिथे अभ्यासक्रमात शिकवायची स्वतंत्र विद्याशाखा झाली. कीव्हच्या पातोन संस्थेने, जी १९३४ मध्ये स्थापन झाली, फ्लक्सच्या थराखाली चालणारं स्वयंचलित वेल्डिंग विकसित केलं. त्याने चेन-ट्रॅक्टरचे रोलर भरले जाऊ लागले. १९५० च्या सुमारास कंप पावणाऱ्या तारेने, वर गार पाण्याची धार सोडत, शाफ्टवर पातळ थर चढवायची पद्धत आली. उष्णता कमी, म्हणून शाफ्ट वाकत नाही. फाळांसाठी ‘सोरमाइट’ नावाच्या क्रोमियमयुक्त मिश्रधातूची पूड फाळावर पसरून उच्च वारंवारतेच्या विजेच्या वेटोळ्याने ती जागच्या जागी वितळवत. थर एका अंगाला, पातळ आणि सारखा. म्हणजे पुन्हा रॅन्समच. टंचाईतून शास्त्र चांगलं होतं, हे मान्य करावं लागतं, मग ती टंचाई कुणी आणली हा मुद्दा वेगळा.

आता कडकपणाकडे येऊ. जमिनीतला खरा कापणारा पदार्थ म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. तिचा कठीणपणा विकर्स मोजपट्टीवर हजार ते अकराशेच्या घरात. साधं लोखंड १५० च्या आसपास. चांगलं पाणी दिलेलं रोटाव्हेटरचं पातं साडेचारशे. पोलाद अगदी टोकाला नेलं तरी सातशे-आठशे. म्हणजे पोलाद कितीही कडक केलं तरी गारगोटी त्याला ओरखडतेच, फक्त सावकाश. क्रोमियम कार्बाइडचे कण मात्र पंधराशेच्या आणि टंगस्टन कार्बाइडचे दोन हजारांच्या वर जातात. हार्डफेसिंगच्या रॉडमधली सगळी करामत हे कण थरात उतरवण्याची. काँक्रीटमध्ये खडी असते तसे ते मऊ धातूत बसलेले असतात. आजूबाजूचा मऊ धातू बारीक वाळूने उकरला गेला की कण आधार सुटून गळून पडतात. मोठा दगड आपटला तर थरच कपचा होऊन उडतो. म्हणून रेताड जमिनीत राजा ठरलेला रॉड दगडगोट्यांच्या जमिनीत आठवड्यात संपतो, आणि शेतकरी म्हणतो, ‘रॉड डुप्लिकेट निघाला.’

महाराष्ट्रात तर एका जिल्ह्यातला सल्ला दुसऱ्या जिल्ह्यात चालेलच असं नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. काळ्या रानाची माती स्वतः मऊ खनिजांची. तिथे त्रास दोन: उन्हाळ्यात वाळून झालेली ढेकळं, जी फाळाचा तळ घासतात, आणि माळाच्या कडेला मुरूम व दगड, जे धडका देतात. बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या काही रानांत सापडतात त्या वेगळ्याच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खडक ग्रॅनाइटी जातीचा, मातीत क्वार्ट्झची रेती; तिथे धानाच्या चिखलणीत केजव्हील आणि रोटाव्हेटर म्हणजे पाण्यात कालवलेल्या वाळूत फिरणारी पाती. कोकणात जांभा. पंजाब-उत्तर प्रदेशच्या गाळाच्या जमिनींवर घेतलेले आकडे लातूरच्या रानाला जसेच्या तसे लावणं चुकीचं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तरी रॉडच्या जाहिराती तेच करतात.

फाट्यावरच्या शेडमध्ये फाळ आला की काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फाळावरची माती कानशीने किंवा ग्राइंडरने खरवडली जाते, गंज बहुधा तसाच राहतो. होल्डरला हाताशी असलेला रॉड लागतो, म्हणजे ६०१३, खिडकीच्या ग्रीलला लागतो तोच. वेल्डर धार वरून भरतो, उलटा करून खालूनही भरतो, मधे टोकाला जाडसर गोळा करतो. घाई असली तर ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा कापून टोकाला टाके मारून जोडतो. लोहाराच्या सांध्याचीच ही विजेवरची आवृत्ती. शेवटी लालबुंद फाळ बादलीत बुडवतो, ‘पाणी पाजलं’ म्हणून. ६०१३ चा धातू मऊ, त्याला पाणी पाजून काहीही कडक होत नाही. कडक होतो तो वेल्डच्या शेजारचा मूळ पोलादाचा अरुंद पट्टा, आणि तो इतका ठिसूळ होतो की पाट्याचा तुकडा शेतात पहिल्याच दगडाला वेल्डच्या कडेने स्वच्छ तुटतो. वेल्ड शाबूत, शेजार तुटलेला. असा तुकडा हातात आला की वेल्डरला बोल लावला जातो. बोल खरं तर बादलीला लावायला हवा.

याच शेडमध्ये, याच मशीनवर काम बरंच सुधारू शकतं. गंज चकचकीत होईपर्यंत काढणं. पाट्यासारखं जास्त कार्बनचं पोलाद असेल तर गॅसच्या किंवा भट्टीच्या तापावर दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत आधी तापवणं. आकार भरून काढायचा असेल तर तो कमी हायड्रोजनच्या ७०१८ ने भरणं, आणि कडक रॉड फक्त शेवटच्या एक-दोन थरांना, फक्त एका अंगाला वापरणं. मग फाळ राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश गार होऊ देणं. पहिल्या थरात मूळ धातू वीस ते चाळीस टक्के मिसळतो, म्हणून तो पुड्यावर लिहिल्याइतका कडक कधीच नसतो. दुसरा थर खरा. तिसऱ्या-चौथ्या थराचा मोह टाळावा, कारण जाड कडक थर सोलून निघतो. क्रोमियम कार्बाइडच्या थरावर आडव्या बारीक भेगा पडतात त्या पाहून गिऱ्हाईक घाबरतं. त्या भेगांतून थरातला ताण मोकळा होतो. मूळ धातूत उतरल्या नाहीत तर त्यांनी बिघडत नाही. मूळ पोलाद नाजूक असेल तर मधे स्टेनलेसचा एक चिवट थर द्यायचा, तो भेग खाली जाऊ देत नाही.

आणि हे सगळं झिजून संपलेल्या फाळापेक्षा नव्या फाळावर केलं तर जास्त पदरात पडतं. नव्याचा आकार कारखान्याने नेमका दिलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाला धारेलगत पातळ कडक पट्टा टाकला, की सुरुवातीला सांगितलेला तो चढता पट्टा पडायलाच वेळ लागतो. दुरुस्तीचं दुकान झिजल्यानंतर उघडतं, ही आपली सवय. युरोपात तर फाळाच्या आणि कल्टिव्हेटरच्या टोकांवर टंगस्टन कार्बाइडच्या टिकल्या ब्रेझिंगने बसवूनच माल विकतात.

रोटाव्हेटरचा मामला वेगळा आणि थोडा धोक्याचा. ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० फेऱ्यांवर, खालचा रोटर साधारण दोनशे फेऱ्यांवर, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळत असतं. पातं एल आकाराचं, बोरॉन किंवा स्प्रिंग स्टीलचं, पाणी देऊन चिवट केलेलं. हा चिवटपणा कारखान्यातल्या तापमानाच्या हिशेबावर उभा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने भरावाच्या शेजारी एक पट्टा ठिसूळ होतो, त्याच्या पलीकडे एक पट्टा नरम पडतो. धारेवर हे चालून जातं. बाकावर, म्हणजे जिथे पातं वळतं तिथे, किंवा बोल्टच्या भोकांजवळ भर टाकला तर पातं तुटून दगडासारखं भिरकावलं जाऊ शकतं. त्या दोन जागांना रॉड लावायचाच नाही, यात तडजोड नको. दुसरी गोष्ट तोलाची. सहा फुटी यंत्राला बहुधा ४२ किंवा ४८ पाती. एकाला दोन रॉडचा भर आणि समोरच्याला अर्ध्या रॉडचा, असं झालं की रोटर थरथरतो, आणि पात्यांवर वाचवलेले पैसे बेअरिंग आणि ऑइलसील खाऊन टाकतात. शेडमध्ये आणखी एक हमखास चूक होते: पाती यंत्रावरच ठेवून वेल्डिंग, आणि अर्थिंगचा चिमटा यंत्राच्या दुसऱ्या टोकाला. करंट बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग ‘उगाच’ जातं. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची वायर काढायची. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन निकष लागू झाले आणि इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेला, त्यामुळे हा नियम मोडणं आता जास्त महागात पडू शकतं.

पातं भरणं परवडतं का? हिशेब कागदावर करून पाहावा. समजा पातं दीडशे रुपयांचं, आणि कडक रॉड, वीज, मजुरी धरून एका पात्याला ऐंशी रुपये लागले. म्हणजे आयुष्य साधारण दीडपट झालं तर जमाखर्च जेमतेम जुळला. त्याखाली तोटा. स्वतःच्या चार एकरांपुरता रोटाव्हेटर वापरणाऱ्याने नवी पाती घ्यावीत आणि घरी जावं, असं मला वाटतं. भाड्याने मारणाऱ्याचं गणित निराळं. ४२ पाती बदलायची म्हणजे ८४ गंजलेले बोल्ट, हंगामातला अर्धा दिवस बुडाला, आणि पुढच्या शेतकऱ्याचा वाफसा निघून गेला. त्याला आयुष्य लांबवण्याची किंमत पात्याच्या किमतीपेक्षा जास्त.

हार्डफेसिंगची खरी जाण महाराष्ट्रात कुठे असेल तर ती साखर कारखान्यांत. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. आता हंगामात राज्यात दोनशेच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात. उसाबरोबर माती, रेती, क्वचित दगडही येतो. तोडणीयंत्राने तोडलेल्या उसाबरोबर तर जास्तच. फायब्रायझरचे हातोडे मिनिटाला हजारभर फेऱ्यांच्या वेगाने हा सगळा माल फोडतात, आणि त्यांची टोकं सतत भरावी लागतात. इथे फिटर हातोडे तोलून जोड्या लावतो, समोरासमोरचे दोन सारख्या वजनाचे. गावच्या शेडमध्ये जे कुणी करत नाही ते इथे न सांगता होतं. कारण एक हातोडा सुटला तर काय होतं हे त्याने पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं.

त्याहून पाहण्यासारखं काम मिलच्या रोलरवर चालतं. रोलर बिडाचा, अंगभर व्ही आकाराच्या दात्यांच्या खाचा, मिनिटाला चार-पाच फेऱ्यांनी फिरणारा. हंगाम चढला की दाते गुळगुळीत होतात आणि उसाचा थर आत ओढला न जाता जागच्या जागी घसरू लागतो. मिल थांबवणं परवडत नाही. मग वेल्डर फळीवर बसतो, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काच, आणि रस-पाण्याने निथळणाऱ्या, फिरत्या रोलरच्या दात्यांवर कडक धातूचे थेंब टाकत जातो. ठिणगी, वाफ, रसाचा करपट वास. दाता पुढे सरकतो, पुढचा थेंब. वेल्डिंगच्या पुस्तकातले सगळे नियम इथे मोडलेले आहेत: ओलं बीड, आधी तापवणं नाही, नंतर सावकाश गार करणं नाही. तरी काम होतं, कारण अपेक्षाच वेगळी आहे. हा थर गुळगुळीत, अखंड, वर्षभर टिकणारा नको आहे. खरखरीत हवा आहे, पकड देणारा. काही थेंब उडतात, काही राहतात, काही दिवसांनी पुन्हा बसायचं. भराईचा हेतू झीज रोखणं नसून पकड राखणं हाही असू शकतो, हे या कामातून कळतं, आणि ‘रॉड किती कडक’ हा प्रश्न इथे अपुरा पडतो.

कारखान्यांची अडचण वेगळीच. मोठं ओव्हरहॉलिंग जून ते सप्टेंबरात, गाळप बंद असताना, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कोल्हापूर-सांगलीच्या जुलैतल्या हवेत उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो. रॉडच्या लेपातलं पाणी कमानीत फुटून हायड्रोजन होतो, वेल्डमध्ये शिरतो, आणि भेग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडते. तोवर काम पास झालेलं असतं. कमी हायड्रोजनचे रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये तीनशे-साडेतीनशे अंशांवर तासभर भाजायचे, एवढा साधा उपाय आहे. ओव्हन बहुतेक ठिकाणी असतो. त्यात कधी कधी डबेही गरम होतात, हा भाग सोडून देऊ.

शाफ्ट आणि क्रँक हे या विषयातलं तिसरं दालन, आणि तिथे मातीचा संबंध नाही. क्रँकशाफ्ट काही दशांश मिलिमीटर झिजला की निकामी; ज्या भागाचा नव्याण्णव टक्के धातू शाबूत आहे तो टाकून द्यायचा, म्हणून दुरुस्तीचा मोह इथे सर्वांत मोठा. आपल्याकडे आधी लेथ आणि ग्राइंडिंगवर साइझ उतरवून जाड बेअरिंग टाकतात. ती साइझ संपल्यावर भराईचा विचार होतो. कमानीच्या वेल्डिंगने भरलेल्या क्रँकमध्ये थर आकसल्यामुळे ओढीचा ताण राहतो आणि वारंवारच्या झटक्यांनी तुटण्याची भीती वाढते. त्यामुळे अशा भागांसाठी धातू वितळवून फवारण्याची पद्धत बरी, जी झुरिचच्या माक्स शूप यांनी १९१० च्या सुमारास काढली. भाग जेमतेम गरम होतो, वाकत नाही. पण फवारलेला थर मूळ धातूत वितळून मिसळलेला नसतो, खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला नुसता पकडून असतो; बेअरिंगच्या जागेला चालतो, दगड खाणाऱ्या फाळाला चालत नाही. फवाऱ्याचा थर फाळावर विकायला येणाऱ्याला हे आधी विचारावं. लेझरने पूड वितळवून चढवण्याची पद्धत या दोन्हींच्या मधली आणि उत्तम, पण यंत्र महाग. हैदराबादच्या एआरसीआय या संस्थेत अशा लेपांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. ते विमान आणि वीजनिर्मितीच्या भागांना परवडतं, कल्टिव्हेटरच्या फणाला अजून नाही. नागपूरची डिफ्यूजन इंजिनीअर्स, चिंचवडला कारखाना असलेली अॅडोर, म्हणजे पूर्वीची अडवाणी-ऑर्लिकॉन, अशा कंपन्या रॉड आणि सेवा दोन्ही देतात. त्यांचा मोठा गिऱ्हाईक मात्र सिमेंट, वीज आणि साखर. फाट्यावरच्या शेडपर्यंत त्यांचा माणूस सहसा पोचत नाही, आणि शेडवाल्याला किलोच्या हिशेबाने इतका महाग रॉड ठेवणं झेपत नाही.

धुराचा विषय या धंद्यात लाजत-लाजत निघतो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. क्रोमियमने भरलेल्या हार्डफेसिंग रॉडच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असतं, मॅंगनीज असतं. हा धूर ग्रीलच्या रॉडच्या धुरापेक्षा वाईट. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. शेडची एक भिंत उघडी, पंखा वेल्डरच्या बाजूने धूर पलीकडे ढकलणारा आणि गाळणीचा मास्क, एवढं तरी हवं. हे पैसे गिऱ्हाइकाच्या दरात धरले गेले तर भराईचं गणित आणखी घट्ट होतं. होऊ दे.

या सगळ्यात आपल्याकडे जी उणीव आहे ती शेतातल्या मोजमापाची. प्रयोगशाळेत रबराच्या चाकाखाली कोरडी वाळू सोडून झीज मोजण्याची चाचणी जगभर चालते. रॉडची तुलना करायला ती चांगली, पण तिच्यात दगड नाही, ओल नाही, ढेकूळ नाही. पंजाबातल्या अभ्यासकांनी रोटाव्हेटरच्या पात्यांवर हार्डफेसिंगचे आणि फवाऱ्याचे प्रयोग करून निबंध छापले आहेत. मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत रोटाव्हेटरची चाचणी होते तेव्हा पाती आधी-नंतर तोलून झीज नोंदवली जाते. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर वेगवेगळ्या जातीच्या जमिनी आयत्या उपलब्ध आहेत. तिथे एकच रॉड, एकच पातं आणि चार रानं अशी तुलना झाली तर शेडवाल्याला देता येईल असा एक पानाचा तक्ता निघेल.

तोवर भाड्याने रोटाव्हेटर मारणारा स्वतःही हे करू शकतो, खर्च जवळजवळ शून्य. रोटरवर पाती ज्यांना बोल्टने बसतात त्या चकत्या म्हणजे फ्लँज; त्यांतले कडेचे सोडायचे, कारण तिथे पात्यांची संख्या आणि झीज दोन्ही वेगळी. मधले दोन शेजारचे फ्लँज घ्यायचे; दोन्हींवर एकाच कंपनीची, एकाच दिवशी आणलेली नवी पाती, तीन डावी तीन उजवी. एकावरच्या सहांच्या धारेला एका अंगाने कडक पट्टा, दुसरा तसाच. पाती बसवण्याआधी धुऊन, वाळवून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायची आणि धारेजवळची रुंदी कॅलिपरने घ्यायची, कारण वजन कमी गेलं तरी आकार बिघडलेला असू शकतो. भरलेल्या सहांची वजनं आपसात जुळवून घ्यायची. पन्नास तासांनी खोलून पुन्हा तोलायची, मग दोन फ्लँजांवरची पाती अदलाबदल करून आणखी पन्नास तास. वहीत तासांच्या शेजारी रान कसलं होतं आणि ओल किती होती हेही लिहायचं. उन्हाळ्यात कोरड्या ढेकळांवर मारलेले तास आणि पावसानंतर वाफशावर मारलेले तास एकाच रकान्यात मांडायचे नाहीत.